मानांकन आणि क्रमवारी: बातमीत एक वाटणाऱ्या, ड्रॉमध्ये वेगळ्या पडणाऱ्या दोन गोष्टी

मराठी वर्तमानपत्रांच्या क्रीडा पानावर 'अव्वल मानांकित' हा शब्द आपण वर्षानुवर्षं वाचतो आहोत. त्याच पानावर कधी 'जागतिक मानांकनात पाचव्या स्थानी' असंही छापून येतं. पहिल्या ठिकाणी मानांकन म्हणजे सीडिंग, दुसऱ्या ठिकाणी रँकिंग. शब्द एकच वापरला जातो, त्यामुळे गोष्टही एकच असावी असा समज होतो आणि मग टेनिसपटूच्या कारकिर्दीतला चढउतार नीट समजतच नाही. म्हणून या लेखापुरतं ठरवून घेऊ: रँकिंगला क्रमवारी म्हणायचं आणि सीडिंगला मानांकन.

क्रमवारी म्हणजे गेल्या 52 आठवड्यांचा हिशोब. कुठल्या स्पर्धेत कुठवर मजल मारली त्याचे गुण मिळतात, त्यातल्या ठरावीक चांगल्या स्पर्धांची बेरीज होते आणि त्या बेरजेवर जगातल्या सगळ्या खेळाडूंची यादी लागते. ग्रँड स्लॅम, म्हणजे ऑस्ट्रेलियन ओपन, फ्रेंच ओपन, विम्बल्डन आणि अमेरिकन ओपन या चार मोठ्या स्पर्धांपैकी एखादी, जिंकली तर 2000 गुण, पहिल्याच फेरीत हरलं तर 10. मात्र हे गुण कायमचे नसतात. वर्षभराने तीच स्पर्धा आली की गेल्या वर्षीचे गुण वजा होतात आणि या वर्षीचे जमा होतात. 'गुण राखायचे आहेत' असं समालोचक म्हणतात ते याच अर्थाने.

मानांकन मात्र एका स्पर्धेपुरतं असतं. ग्रँड स्लॅमच्या एकेरीत 128 खेळाडू असतात, त्यातल्या 32 जणांना मानांकन मिळतं. त्यांना ड्रॉमध्ये, म्हणजे कोण कुणाशी खेळणार याच्या तक्त्यात, असं विखरून ठेवतात की पहिल्या दोन फेऱ्यांत ते एकमेकांसमोर येत नाहीत. पहिला आणि दुसरा मानांकित अंतिम फेरीआधी भेटूच शकत नाहीत. उरलेल्या 96 जणांच्या चिठ्ठ्या जिथे पडतील तिथे. त्यांच्यातल्या कुणाच्याही वाट्याला पहिल्याच दिवशी जगातली अव्वल खेळाडू येऊ शकते. मानांकन बहुतेक वेळा क्रमवारीवरूनच ठरतं, म्हणून दोन्हींची गल्लत होते. पण स्पर्धेत कोण उतरलंय यावर ते अवलंबून असतं. वरचे तिघे दुखापतीने आले नाहीत तर तिसावी खेळाडू सत्ताविसावी मानांकित होते. पुण्यात बालेवाडीला महाराष्ट्र ओपन भरायची तेव्हा एकेरीत मानांकनं आठच असत, आणि आठवा मानांकित जगातल्या पहिल्या पन्नासांतला असेलच असं नव्हे. 2018 मध्ये तिथे अव्वल मानांकित मारिन चिलिचला उपांत्य फेरीत आणि दुसऱ्या मानांकित केविन अँडरसनला अंतिम फेरीत हरवून जील सिमोन जिंकला. त्याला मानांकनच नव्हतं.

हा फरक खेळाडूच्या आयुष्यात किती खोल जातो ते पाहायचं असेल तर एमा राडुकानूचा प्रवास बघावा. 2021 च्या जूनमध्ये ही ब्रिटिश मुलगी क्रमवारीत 338 वी होती. विम्बल्डनने वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजकांच्या मर्जीने मिळणारा प्रवेश, दिलं आणि ती चौथ्या फेरीपर्यंत गेली. त्याच वर्षी अमेरिकन ओपनला ती गेली तेव्हा 150 वी होती, म्हणजे थेट प्रवेश नाही, आधी पात्रता फेरीचे तीन सामने. परतीचं विमान तिने पात्रता फेरी संपेल त्या सुमाराचंच काढून ठेवलं होतं. पात्रतेचे तीन आणि मुख्य फेरीचे सात असे दहा सामने ती खेळली आणि एकही सेट न गमावता जिंकली. अंतिम सामन्यात समोर होती लेला फर्नांडेझ, क्रमवारीत 73 वी. दोघींनाही मानांकन नव्हतं. पात्रता फेरीतून येऊन ग्रँड स्लॅम जिंकणारी राडुकानू ही पहिलीच खेळाडू.

पुढच्या सोमवारी ती 150 वरून थेट 23 वर आली. पुढल्या वर्षी जुलैमध्ये दहावी झाली. 2022 च्या अमेरिकन ओपनला तिला अकरावं मानांकन मिळालं. पहिल्या फेरीत अलिझे कोर्नेने तिला 6-3, 6-3 असं हरवलं. त्या एका संध्याकाळी तिच्या खात्यातून 2000 हून जास्त गुण गेले, जमा झाले 10. क्रमवारीत ती 11 वरून 83 वर घसरली.

'83 वी म्हणजे संपलीच' असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. क्रमवारी गेल्या 52 आठवड्यांबद्दल सांगते, ती खेळाडूचा कस मोजत नाही. एका मोठ्या विजयावर उभी असलेली क्रमवारी तो विजय वर्षाचा झाला की कोसळणारच.

पण क्रमवारी घसरल्यावर खरा घाव बसतो तो मानांकनाच्या बाजूने. ग्रँड स्लॅमचा थेट प्रवेश साधारण शंभराव्या क्रमांकापर्यंत मिळतो, मानांकन 32 व्या जागीच संपतं. म्हणजे घसरणीत आधी मानांकन जातं, मग कितीतरी नंतर प्रवेश. मधल्या सत्तर जागांवर खेळाडू स्पर्धेत असतो, पण त्याला आडोसा नसतो. 2023 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला राडुकानूसमोर दुसऱ्याच फेरीत सातवी मानांकित कोको गॉफ आली. त्या वर्षी दोन्ही मनगटांवर आणि घोट्यावर शस्त्रक्रिया झाल्या, क्रमवारी तीनशेच्या आसपास गेली. तिथून ती पुन्हा वर आली, आणि मग 2025 च्या चारही ग्रँड स्लॅममध्ये, मानांकन नसताना, तिची गाठ कुणाशी पडली बघा. ऑस्ट्रेलियात तिसऱ्या फेरीत दुसरी मानांकित इगा श्वियाँतेक. पॅरिसला पुन्हा श्वियाँतेक, या वेळी पाचवी मानांकित आणि तीही दुसऱ्याच फेरीत. विम्बल्डनला तिसऱ्या फेरीत अव्वल मानांकित अरिना सबालेंका. न्यूयॉर्कला तिसऱ्या फेरीत नववी मानांकित एलेना रिबाकिना. चारही वेळा हरली. सबालेंकाशी तिने पहिला सेट टायब्रेकपर्यंत नेला होता. मानांकन असतं तरी तिसऱ्या फेरीतल्या गाठी टळल्याच असत्या असं नाही. 25 ते 32 मानांकितांनाही तिसऱ्या फेरीत पहिल्या आठांपैकी कुणाशी तरी खेळावं लागतं. पण पॅरिसचा दुसऱ्या फेरीतला सामना नक्की टळला असता.

या दोन गोष्टी मुद्दाम वेगळ्या केल्याचंही एक उदाहरण आहे. सेरेना विल्यम्सने 2017 चं ऑस्ट्रेलियन ओपन जिंकलं तेव्हा ती गरोदर होती. मुलीच्या जन्मानंतर 2018 मध्ये ती फ्रेंच ओपनला आली ती 451 वी म्हणून. सुट्टीआधीच्या क्रमवारीवर, म्हणजे संरक्षित क्रमवारीवर, तिला प्रवेश मिळाला, मानांकन मात्र मिळालं नाही. त्याच उन्हाळ्यात विम्बल्डनने 183 व्या क्रमांकाच्या सेरेनाला 25 वं मानांकन दिलं. तिथे आयोजकांना तसा अधिकार होता. पण मानांकनं 32 च, एक आत आली की एक बाहेर जाणार. ती पाळी आली डोमिनिका चिबुलकोवावर, क्रमवारीत नेमकी 32 वी. तिने उघड नाराजी व्यक्त केली, आणि मानांकनाशिवाय खेळून उपांत्यपूर्व फेरी गाठली. सेरेना अंतिम फेरीत गेली. मला दोघींचीही बाजू खरी वाटते. बाळंतपणाची शिक्षा म्हणून मानांकन जाऊ नये हे खरं, आणि वर्षभर घाम गाळून 32 वी झालेल्या खेळाडूच्या ताटातून ते काढून घेऊ नये हेही खरं. महिला टेनिसपटूंच्या संघटनेने त्यानंतर काढलेली वाट मला रास्त वाटते: मातृत्वानंतर परतणारीची संरक्षित क्रमवारी मानांकन मिळण्याइतकी वरची असली तरी तिला मानांकन नाही, पण तसं असेल तर पहिल्या सामन्यात मानांकित खेळाडूही तिच्यासमोर येणार नाही.

उलटंही घडतं. 2022 ला विम्बल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना बंदी घातली म्हणून त्या स्पर्धेचे गुणच धरले गेले नाहीत. रिबाकिना विम्बल्डन जिंकली, आणि क्रमवारीत जिथे होती तिथेच राहिली. पुढच्या अमेरिकन ओपनला विम्बल्डनच्या विजेतीचं मानांकन होतं 25.

दुहेरीत तर फरक आणखी ठसठशीत होतो, कारण क्रमवारी एकेका खेळाडूची असते आणि मानांकन जोडीचं. ते दोघींच्या क्रमवारीच्या बेरजेवरून ठरतं. मुंबईत जन्मलेली आणि हैदराबादेत वाढलेली सानिया मिर्झा एकेरीत 27 व्या क्रमांकापर्यंत पोहोचली होती, पण मनगटाच्या दुखण्याने तो रस्ता बंद केला. दुहेरीत ती एप्रिल 2015 मध्ये जगात अव्वल झाली. मार्टिना हिंगिसबरोबर तिने विम्बल्डन, अमेरिकन ओपन आणि 2016 चं ऑस्ट्रेलियन ओपन ओळीने जिंकलं. ऑगस्ट 2016 मध्ये जोडी फुटली. सिनसिनाटीच्या अंतिम सामन्यात सानिया आणि बार्बोरा स्ट्रिकोव्हा एका बाजूला, हिंगिस आणि कोको वँडवे दुसऱ्या बाजूला. सानियाची जोडी जिंकली आणि आधी हिंगिसबरोबर वाटून घेतलेला पहिला क्रमांक तिच्या एकटीचा झाला. काही दिवसांनी अमेरिकन ओपनचा ड्रॉ लागला. जगातली अव्वल दुहेरी खेळाडू सानिया मिर्झा, आणि तिच्या जोडीच्या नावापुढे कंसात आकडा होता 7.