विधानसभा उमेदवाराचा प्रचार (महाराष्ट्र)

विधानसभेच्या मतदारसंघातून निवडून येण्यासाठी उमेदवार आणि त्याचे कार्यकर्ते मतदारांपर्यंत पोहोचण्याचे जे संघटित प्रयत्न करतात, त्यांस उमेदवाराचा प्रचार म्हणतात. महाराष्ट्रात विधानसभेचे २८८ मतदारसंघ असून लोकसभेच्या प्रत्येक मतदारसंघात त्यांपैकी सहा येतात. म्हणूनच लोकसभेच्या उमेदवाराला जे सहसा साधत नाही, ते म्हणजे बहुतेक प्रत्येक गावात, वाडीवस्तीवर किंवा वॉर्डात स्वतः जाऊन येणे, विधानसभेच्या उमेदवाराकडून अपेक्षिले जाते. तो फिरकलाच नाही, ही तक्रार मतदार निकालानंतरही विसरत नाहीत.

उमेदवार किमान २५ वर्षांचा आणि राज्यातील कोणत्याही मतदारसंघात मतदार असावा लागतो. अनामत रक्कम १०,००० रुपये असून अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांसाठी ती निम्मी आहे. पक्षाचा अधिकृत उमेदवार ठरण्यासाठी ‘एबी फॉर्म’ (पक्षाने उमेदवारी दिल्याचे अधिकृत पत्र) अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी ३ वाजेपर्यंत सादर व्हावा लागतो. तो अखेरच्या क्षणी दुसऱ्याच्या हाती पडला की बंडखोरी होते, आणि मग माघारीच्या मुदतीपर्यंत उमेदवाराची निम्मी शक्ती नाराजांची समजूत काढण्यातच खर्च होते.

माघारीची मुदत आणि मतदान यांत कायद्याने किमान चौदा दिवसांचे अंतर लागते. प्रत्यक्षात प्रचाराला मिळणारा काळ याहून फारसा मोठा नसतो. २०२४ च्या निवडणुकीत माघारीची मुदत ४ नोव्हेंबरला संपली आणि २० नोव्हेंबरच्या मतदानापूर्वी, १८ तारखेच्या सायंकाळी, जाहीर प्रचार थांबला. अर्ज भरण्याचे व माघारीचे दिवस दिवाळीतच आल्याने फराळाच्या निमित्ताने होणाऱ्या भेटीगाठी हाच अनेकांचा पहिला प्रचार ठरला.

प्रचाराचा नारळ ग्रामदैवतासमोर फोडण्याची रीत सर्वत्र आढळते. बारामतीत पवार कुटुंबाच्या प्रचाराचा प्रारंभ कन्हेरीच्या मारुती मंदिरात करण्याची परंपरा सर्वपरिचित आहे. त्यानंतर पदयात्रा, कोपरा सभा, ग्रामीण भागात घोंगडी बैठका, महिलांचे मेळावे आणि घरोघरी पत्रके वाटणे हा क्रम सुरू होतो. कोकणातील उमेदवाराला मुंबईतील गावमंडळांच्या बैठकांनाही हजर राहावे लागते, कारण चाकरमान्यांचा शब्द गावात मानला जातो. मोठ्या नेत्याची सभा वातावरण तापवते हे खरे. परंतु मतदारयादी घेऊन घराघरांची खातरजमा करणारा, स्थलांतरितांची नोंद ठेवणारा आणि मतदानाच्या दिवशी वयोवृद्धांना केंद्रापर्यंत नेणारा बूथवरचा कार्यकर्ता हाच या साऱ्याचा कणा आहे, आणि प्रचाराच्या वर्णनांत त्याला मिळते त्याहून कितीतरी मोठे स्थान त्याला दिले पाहिजे.

मराठी प्रचाराला वक्तृत्वाची आणि शाहिरीची मोठी परंपरा आहे. संयुक्त महाराष्ट्र समितीने १९५७ ची निवडणूक सभा, पोवाडे आणि वृत्तपत्रे यांच्या बळावर लढवली; आचार्य अत्रे त्या वेळी दादरमधून मुंबई विधानसभेवर निवडून आले.

भाषणावर कायद्याची मर्यादाही आहे, आणि तिचा अर्थ ठरवणारे महत्त्वाचे खटले मुंबईतूनच उभे राहिले. विलेपार्ले येथील १९८७ च्या पोटनिवडणुकीतील रमेश प्रभू यांची निवड, धर्माच्या आधारे मते मागितल्याच्या कारणावरून, मुंबई उच्च न्यायालयाने १९८९ मध्ये रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून उद्भवलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात सदस्यीय पीठाने जानेवारी २०१७ मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने ही कक्षा विस्तारली : उमेदवाराच्याच नव्हे, तर मतदाराच्या धर्म, जात वा भाषेच्या नावाने मत मागणे हाही भ्रष्ट आचार ठरतो.

खर्चाची मर्यादा २०२२ पासून महाराष्ट्रात ४० लाख, तर गोव्यात २८ लाख रुपये आहे. अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतचा खर्च तीत मोजला जातो. उमेदवाराने त्यासाठी स्वतंत्र बँक खाते उघडायचे असते, आणि खर्च निरीक्षकांची यंत्रणा मंडप, खुर्च्या, वाहने यांची आपली वेगळी नोंद ठेवून उमेदवाराच्या हिशेबाशी ती पडताळते. मात्र पक्षाच्या नामनिर्देशित ‘स्टार प्रचारकां’चा प्रवासखर्च उमेदवाराच्या खात्यात धरला जात नाही आणि पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला मर्यादाच नाही. परिणामी साधनसंपन्न पक्षाचा उमेदवार आणि अपक्ष यांना कागदावर एकच मर्यादा असूनही त्यांची लढत समान राहत नाही; या व्यवस्थेतील हा सर्वांत ठळक दोष होय.

मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत सभा, मिरवणुका बंद होतात आणि बाहेरून आलेल्या राजकीय कार्यकर्त्यांना मतदारसंघ सोडावा लागतो. घरोघरच्या गाठीभेटी तेवढ्या चालू राहतात. एकूण वैध मतांच्या एक-षष्ठांशाहून अधिक मते न मिळालेल्या पराभूत उमेदवाराची अनामत जप्त होते. निकालापासून तीस दिवसांत खर्चाचा हिशेब विजयी आणि पराभूत अशा सर्वच उमेदवारांना जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो, आणि सबळ कारणाशिवाय तो न देणाऱ्यास निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो.