बिलावर दोनदा येणारा ‘कॅरेट’: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

हिऱ्याची अंगठी घेतली की बिलावर कॅरेट हा शब्द दोनदा येतो. एका रकान्यात ‘१८ कॅरेट’, दुसऱ्यात ‘०.५० कॅरेट’. “अठरा सांगितलेत, मग इथे अर्धाच कसा?” असे पेढीवर नेहमी विचारले जाते आणि विचारायलाच हवे. पहिला आकडा सोने किती चोख आहे ते सांगतो, दुसरा हिऱ्याचे वजन. अमेरिकेत सोन्याचा कॅरेट ‘के’ अक्षराने लिहितात आणि हिऱ्याचा ‘सी’ने. इंग्लंडमध्ये दोन्हींना ‘सी’च. देवनागरीत तर सगळेच कॅरेट. त्यात नारायणगावच्या बाजारात टोमॅटोही कॅरेटनेच विकतात. तो मूळचा ‘क्रेट’, वीस किलोचा. त्याचे आमच्याशी काही नाते नाही!

सोन्याचा कॅरेट

सोन्याचे चोवीस भाग धरा. त्यातले बावीस भाग चोख सोने आणि उरलेले दोन तांबे, चांदी वगैरे असतील तर ते बावीस कॅरेट. बावीस भागिले चोवीस केले की हजारात साधारण ९१६ येतात. दागिन्यावर ‘९१६’ असते ते हेच. १८ कॅरेटला ७५०. १४ कॅरेटचा हिशेब खरे तर ५८३ येतो, पण ठरलेले मानक ५८५ आहे. वीस ग्रॅमची २२ कॅरेटची पाटली म्हणजे तिच्यात १८.३२ ग्रॅम चोख सोने.

हिऱ्याला आम्ही १८ कॅरेट सुचवतो तेव्हा काही जणांना वाटते, हलके सोने खपवताहेत. तसे नाही. चोख सोने मऊ असते, ते चटकन वाकते. हिरा धरून ठेवणाऱ्या बारीक नख्या कडक लागतात, त्यासाठी मिलावट जास्त. पाटल्या-बांगड्या मात्र बावीसच्याच घ्याव्यात, मोडीच्या वेळी हिशेब सोपा जातो.

हॉलमार्कमध्ये, म्हणजे दागिन्यावरच्या शुद्धतेच्या छापात, तीन खुणा पाहा: बीआयएसचे (भारतीय मानक ब्युरोचे) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवायचा हॉलमार्क दागिना दुकानदाराला विकता येत नाही. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून आमच्यासमोरच तपासा, आम्हाला राग येत नाही. दोन ग्रॅमच्या आतले दागिने आणि कुंदन-पोलकी-जडाऊ यांना या सक्तीतून सूट आहे. तिथे शुद्धता बिलावर लिहून मागा. आणि ‘केडीएम’ म्हणजे शुद्धतेचा दर्जा नव्हे. कॅडमियम घालून केलेल्या डाकाचे, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडायच्या धातूचे, ते नाव. त्याचा धूर कारागिराच्या फुप्फुसांना घातक, म्हणून ते काम आम्ही करत नाही.

दोन्हींचे मूळ एक

भूमध्य समुद्राकाठी कॅरोबचे झाड होते. त्याला चिंचेसारख्या लांब, तपकिरी शेंगा येतात. शेंग शिंगासारखी वाकडी, म्हणून ग्रीकांनी तिला ‘केरातिऑन’, म्हणजे लहानसे शिंग, म्हटले. तिच्या बिया तराजूत वजन म्हणून वापरत. आपल्याकडे सोनाराच्या तराजूत गुंजा असायच्या, तसेच.

चौथ्या शतकात रोमन बादशहा कॉन्स्टंटाइनने ‘सोलिडस’ नावाचे सोन्याचे नाणे काढले. त्याचे वजन चोवीस केरातिऑन. त्यामुळे एका बीचे वजन म्हणजे नाण्याचा चोविसावा हिस्सा झाला, आणि पुढे शब्दाला दोन पाय फुटले. एक अर्थ वजनाचा राहिला, तो रत्नांकडे गेला. दुसरा ‘चोविसावा हिस्सा’, तो सोन्याच्या शुद्धतेला चिकटला. अरबीत शब्द ‘किरात’ झाला. इजिप्तमध्ये जमीन ‘फेद्दान’ या मापाने मोजतात, त्या एका फेद्दानचे आजही चोवीस किरात करतात. अरबीतून इटालियन, तिथून फ्रेंच आणि मग इंग्रजी, असा त्याचा प्रवास.

कॅरोबच्या सगळ्या बिया एकाच वजनाच्या असतात, असे अजूनही पुष्कळ ठिकाणी छापलेले दिसते. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी त्या तोलून २००६ मध्ये दाखवून दिले की त्यांच्यातही इतर झाडांच्या बियांइतकाच फरक असतो. म्हणूनच शहरागणिक कॅरेट वेगळा होता. कोहिनूर १८५० मध्ये इंग्लंडला गेला तेव्हा तो १८६ कॅरेटचा म्हणून नोंदला गेला. आजच्या मापाने तेच वजन सुमारे १९१ कॅरेट भरते. (१८५२ मध्ये त्याला पुन्हा पैलू पाडले, आता तो १०५.६ कॅरेटचा आहे.) हा गोंधळ मिटवायला १९०७ मध्ये वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम असे ठरवले.

हिऱ्याचा कॅरेट आणि तुमचे बिल

एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम आणि त्याचे शंभर सेंट. पन्नास सेंटचा हिरा म्हणजे अर्धा कॅरेट, ०.१ ग्रॅम. अंगठीचे एकूण वजन ४.००० ग्रॅम आणि हिरा अर्ध्या कॅरेटचा असेल, तर सोन्याचा भाव ३.९०० ग्रॅमलाच लागला पाहिजे. एकूण वजनावर सोन्याचा भाव लावलेला दिसला, तर हिऱ्याचे पैसे तुम्ही दोनदा देताय.

आणखी एक. ‘०.५० कॅरेट’ हा एकच खडा आहे की दहा बारीक खड्यांची बेरीज? पाच-पाच सेंटचे दहा हिरे एका पन्नास सेंटच्या हिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतात. म्हणून आमच्या बिलावर खड्यांची संख्या वेगळी लिहिलेली असते.

रत्तीत खडा हवा असेल तर

ज्योतिषाने ‘सव्वापाच रत्तीचा पुष्कराज’ लिहून दिला असेल, तर कोणती रत्ती ते त्यांनाच विचारून या. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा आणि जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. या सोनारी हिशेबाने एक गुंज, म्हणजेच रत्ती, ०.१२१५ ग्रॅमची होते आणि खडा ३.१९ कॅरेटचा लागतो. खड्यांच्या बाजारात मात्र ‘पक्की रत्ती’ सुमारे ०.१८ ग्रॅमची धरतात, तिने तोच खडा पावणेपाच कॅरेटच्या आसपास जातो. किमतीत केवढा फरक पडेल, पाहा! आम्ही खडा कॅरेटमध्येच तोलतो आणि बिलही कॅरेटमध्येच देतो.