पोतं, मोळी आणि गोळा : स्ट्राँगमन खेळामागचा इतिहास

स्ट्राँगमन, म्हणजे अवजड वस्तू उचलण्याचा आणि वाहून नेण्याचा खेळ, टीव्हीवर नवा वाटला, तरी त्यातलं बहुतेक सगळं कधीतरी कुणाचं तरी पोटापाण्याचं काम होतं. आइसलँडच्या किनाऱ्यावर द्युपालोनसांदुर इथे २३, ५४, १०० आणि १५४ किलोंचे चार गोटे आजही पडलेले आहेत. ज्याला ५४चा गोटा कमरेइतका उचलता येत नसे, त्याला मासेमारीच्या होडीवर घेत नसत. त्याच देशात हुसाफेल इथला १८६ किलोंचा दगड एका पाद्र्याच्या मेंढवाड्याशी जोडलेला. तो छातीशी धरून वाड्याभोवती फिरायचं, ही तिथली परीक्षा.

या सगळ्याची स्पर्धा झाली ती १९७७ साली, कॅलिफोर्नियात, टीव्हीसाठी. पहिला विजेता अमेरिकेचा ब्रूस विल्हेम. त्याच स्पर्धेत फ्रँको कोलंबू हा नामांकित शरीरसौष्ठवपटू पाठीवर फ्रिज बांधून पळत होता, पळता पळता त्याचा गुडघा निखळला. कमावलेलं शरीर वेगळं आणि ओझं घेऊन चालणारं शरीर वेगळं, हे तिथे सगळ्यांनी पाहिलं. आज ओळखीचे झालेले ॲटलस स्टोन, म्हणजे उचलायचे जड गोळे, १९८६ला आले.

मराठवाड्यात ताकदीची शाळा म्हणजे तालीम. लातूर जिल्ह्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार यांनी १९७०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकलं, आणि बीडचा राहुल आवारे २०१८ला त्याच स्पर्धेत सोनं घेऊन आला. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेतला फड तर पिढ्यान् पिढ्यांचा. जोर, बैठका, मुद्गल, आणि मुठी कोरलेला लाकडी ओंडका म्हणजे सुमतोला. स्ट्राँगमनमधला लॉग लिफ्ट, म्हणजे ओंडका डोक्यावर उचलण्याचा प्रकार, पाहिला की जुन्या वस्तादांना तोच आठवेल. पण तालमीत ताकद कुस्तीसाठी लागायची. किती किलो उचलले याचा हिशेब कुणी ठेवत नसे, आणि ठेवायची गरजही नव्हती. समोरचा चीत झाला की झालं.

म्हणून माझ्या मते या खेळाचं खरं तंत्र इथे तालमीपेक्षा मोंढ्यात आणि उसाच्या फडात सापडतं. लातूरच्या मोंढ्यात तुरीचं पोतं पाठीवर घेणारा जुना हमाल पाहा. तो पोतं हातांनी उचलतच नाही. दोघे जण आकड्याने पोतं उभं करतात, तो गुडघ्यात वाकून पाठ खाली घालतो, भार मानेखाली, खांद्यांच्या मधोमध आला की श्वास कोंडतो आणि मांड्यांच्या जोरावर उठतो. मग पावलं आखूड आणि भरभर. लांब पाऊल टाकलं की भार एका पायावर जास्त वेळ राहतो आणि पोतं डुलतं. खांद्यावर लोखंडी चौकट घेऊन चालण्याचा योक वॉक याच नियमावर चालतो. बीडकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकाही डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवर चढतात, नजर समोर आणि मान ताठ ठेवून. त्यांना कुणी ॲथलीट म्हणत नाही. हमालांना कायद्याचं संरक्षण मिळालं तेही १९६९च्या माथाडी कायद्याने. या कौतुकात झिजलेले मणके विसरू नयेत.

गोळा उचलण्याचं तंत्र मात्र मोंढ्यात मिळत नाही, कारण पोत्याला धरायला कोपरे असतात. गोळ्याच्या अगदी जवळ, तो दोन्ही पायांच्या मधे येईल असं उभं राहायचं, बोटं खालून घालायची आणि आधी तो मांडीवर घ्यायचा. तिथे क्षणभर थांबायचं, हात वरून कवळायचे, छाती गोळ्याला चिकटवायची आणि कंबर पुढे ढकलून उठायचं. तळहातांना राळेचं चिकट मिश्रण लावतात ते यासाठीच.

स्ट्राँगमनमधला आणखी एक प्रकार म्हणजे अवजड टायर उलटवणं, आणि तिथे तर घात ठरलेलाच. गावाकडे ट्रॅक्टरचा जुना टायर सहज मिळतो, म्हणून पोरं तिथूनच सुरुवात करतात आणि कोपरं वाकवून ओढायला जातात. दंडाचा स्नायू खालच्या टोकाला तुटतो तो याच चुकीने. हात दोरीसारखे सरळ ठेवायचे, छाती टायरला टेकवायची आणि टायर वर न ओढता तिरका पुढे रेटायचा.

कामातून ताकद आली, पण कामात वजन टप्प्याटप्प्याने वाढत नाही आणि विश्रांतीही मिळत नाही. मोंढ्यातलं पोतं नवख्याला आणि जुन्याला सारखंच असतं. सरावात नेमकं हेच बदलता येतं. काँक्रीटचा गोळा साचा करून घरीही ओतता येतो. ३० सेंटीमीटर व्यासाचा गोळा साधारण ३४ किलो भरतो, ३५चा ५४, ४०चा ८० आणि ४५चा ११५च्या आसपास. व्यास पाच सेंटीमीटरने वाढला की वजन कितीतरी उडी मारतं, म्हणून मधले आकारही ओतून ठेवावेत. आणि ८०चा गोळा मांडीवरून सलग चार-पाच वेळा स्वच्छ उठल्याशिवाय पुढच्याला हात लावू नये.