मध, तूप आणि शेण : जखमेवरील घरगुती उपचारांची पार्श्वभूमी

विदर्भातील खेड्यांत वावरात काम करताना इळ्याचा घाव बसला किंवा पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या झाडाचा, खुंट पायात घुसला, तर हळदीच्या जोडीने मध, तूप आणि क्वचित शेणही जखमेवर लावले जाते. जनावर वा कीटकापासून मिळणारी ही सारी ‘नैसर्गिक’ औषधे एकाच परंपरेतली मानली जातात. त्यांचा इतिहास मात्र एक नाही.

मधाची लेखी नोंद फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्तमधील वैद्यकीय हस्तलिखितात जखमेवर मध, चरबी आणि वनस्पतीच्या तंतूंचा बोळा ठेवण्यास सांगितले आहे. सुश्रुतसंहितेत तर व्रणाचे साठ उपक्रम, म्हणजे उपचार, येतात आणि ताज्या घावावर मध-तूप लावण्याचा निर्देश मिळतो. जळवांसाठी तिथे स्वतंत्र अध्याय आहे, इतकेच नव्हे, तर आतड्याच्या छिद्राच्या कडा जुळवण्यासाठी काळ्या मुंग्यांचा चावा वापरण्याची रीतही आहे. मात्र या संहितेत रोपणाआधी शोधन, म्हणजे भरून आणण्याआधी साफ करणे, सांगितले आहे. माझ्या मते घरोघरच्या उपचारात लेप उरला आणि ही पायरी गळाली.

मेळघाटातील कोरकूंसारख्या आदिवासींना आग्या मोहोळाचा मध जुना परिचयाचा आहे. धूर करून पोळे पिळण्याच्या रीतीत मधात अळ्या आणि मेणही उतरते. वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने पोळ्याचा मध असलेला भागच कापून घेण्याची पद्धत रुजवली, ती मधमाश्यांसाठी होती, पण मधही त्यामुळे स्वच्छ मिळू लागला.

मधाचा गुण कशात आहे, हे विसाव्या शतकात उलगडले. त्यात पाणी फारच कमी असते, तो आम्लधर्मी असतो आणि जखमेतील ओलाव्याने सौम्य झाला की त्यातील एक विकर (एन्झाइम) जंतू मारणारे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करते. सोलापूरचे डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १०४ भाजलेल्या रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन हे भाजल्यावर लावायचे औषध यांची तुलना केली, तीत मध सरस ठरला. तो अहवाल १९९१ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त आला. पुढे २०१५ च्या कॉक्रेन आढाव्यानेही, म्हणजे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासानेही, वरवर भाजलेल्या जखमा नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा मधाने चार-पाच दिवस लवकर भरतात, असे नोंदवले. इतर अनेक प्रकारच्या जखमांबाबत पुरावा तितका भक्कम नाही. वैद्यकीय वापराचा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, कारण उकळला तर ते विकर नष्ट होते, आणि न उकळता ठेवला तर त्यात जिवाणूंची बीजे राहू शकतात. बरणीतला मध म्हणूनच दवाखान्यातल्या मधाची जागा घेऊ शकत नाही.

शेणाची गोष्ट निराळी. धनुर्वाताच्या जिवाणूची बीजे मातीत आणि जनावरांच्या शेणात असतात. नवजात बाळाच्या नाळेला शेण लावण्याच्या चालीमुळे बाळे धनुर्वाताने दगावत. लसीकरण आणि दवाखान्यातील प्रसूती वाढल्यावर, २०१५ मध्ये, भारतात माता व नवजात बालकांतील धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. मोठ्यांना मात्र तो धोका आजही आहे, कारण ही बीजे हवा न पोहोचणाऱ्या खोल जागी वाढतात, आणि पऱ्हाटीच्या खुंटाची जखम नेमकी तशीच असते : वर बारीक छिद्र, आत बोटभर खोल.