दहा हजार लिटरमध्ये एक थेंब

बॉस्टन शहराचा बराचसा भाग भराव टाकून उभा राहिला आहे. मुंबईकराला यात नवल वाटू नये. अशा जमिनीत तळघरासाठी खणायला घेतलं की काही फुटांवरच पाणी लागतं, आणि ते उपसल्याशिवाय पायाचं काँक्रीट ओतता येत नाही. आता त्या जागी पूर्वी पेट्रोल पंप होता असं धरू. जमिनीखालची पोलादी टाकी गंजून वर्षानुवर्षं पाझरत होती. मोटर सुरू केली की वर येणाऱ्या पाण्याला पेट्रोलचा वास येतो. रस्त्याच्या कडेला पावसाळी गटार आहे, ते चार्ल्स नदीत नाहीतर बंदरात उतरतं. कंत्राटदाराच्या दृष्टीनं पाइप त्या गटारात सोडणं सगळ्यात सोपं.

अमेरिकेत १९७२ सालच्या ‘क्लीन वॉटर ॲक्ट’नं हा सोपा रस्ता बंद केला. पाइप, नाली, चर अशा कुठल्याही ठरावीक जागेतून नदी-समुद्रात दूषित द्रव्य सोडायचं तर आधी परवाना हवा. परवान्याची मुदत जास्तीत जास्त पाच वर्षं. बहुतेक राज्यांत हे परवाने राज्य सरकारच देतं, पण मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशर या दोन राज्यांत केंद्राची पर्यावरण संस्था, म्हणजे ईपीए, ते स्वतः देते.

पण तळघराचं खोदकाम चार-सहा महिन्यांत संपतं. प्रत्येक खड्ड्यासाठी वेगळा परवाना लिहीत बसलं तर परवाना हातात येईपर्यंत इमारतीला भाडेकरू आलेले असतील. म्हणून ईपीएनं २००५ साली या दोन राज्यांसाठी एक सामाईक परवाना काढला, ‘रेमिडिएशन जनरल परमिट’. अटी आणि आकडे आधीच छापलेले. जागेच्या मालकानं पाण्याचे तपासणी अहवाल जोडून अर्ज करायचा आणि मंजुरी आली की त्या अटींखाली पाणी सोडायचं. २०१० आणि २०१७ मध्ये तो नव्यानं निघाला, आणि २०२२ मध्ये साध्या उपशाचा परवानाही त्यात मिसळून टाकला.

सरकारी कागद म्हणून हा मजकूर रूक्षच आहे. तरी मला तो वाचनीय वाटतो, कारण त्यातल्या जवळपास प्रत्येक आकड्यामागे एखाद्या रेणूचा स्वभाव आहे.

पेट्रोल म्हणजे शंभराहून अधिक पदार्थांचं मिश्रण. पाण्याहून हलकं, त्यामुळे जमिनीत झिरपत झिरपत भूजलाच्या पातळीपर्यंत पोचलं की तिथे तरंगतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की तेही खाली जातं, पाणी वर आलं की वर येतं, आणि या चढउतारात मातीच्या जाड थराला माखून ठेवतं. त्यातलं बहुतेक पाण्यात विरघळत नाही. विरघळतात ते चौघे: बेंझीन, टोल्युईन, एथिलबेंझीन आणि झायलीन. या क्षेत्रातली माणसं चौघांना मिळून ‘बीटेक्स’ म्हणतात. त्यांत बेंझीन सगळ्यात जास्त विरघळतं आणि सगळ्यात घातकही तेच. त्याच्यामुळे रक्ताचा कर्करोग होतो हे पक्कं ठाऊक आहे.

परवान्यात बेंझीनची मर्यादा लिटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर घ्या. त्यात ड्रॉपरनं बेंझीनचा एक थेंब टाका. झाली मर्यादा. उलट बाजूनं पाहू. पेट्रोलमध्ये एक टक्का बेंझीन धरलं तर एक लिटर पेट्रोलमध्ये ते पावणेनऊ ग्रॅम भरतं. तेवढं या मर्यादेला आणायला सतरा लाख लिटरहून जास्त पाणी लागेल. आणि अशा पेट्रोलच्या थेट संपर्कात असलेल्या भूजलात बेंझीन लिटरला २० मिलिग्रॅमच्या घरात जाऊ शकतं, म्हणजे मर्यादेच्या चार हजार पट.

५ हा आकडा अमेरिकेच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही आहे. चौघांची मिळून मर्यादा मात्र १०० मायक्रोग्रॅम, आणि तिचा उगम वेगळा आहे. ईपीएनं १९८९ मध्ये गळक्या टाक्यांच्या सफाईसाठी नमुना परवाना तयार केला होता. बाजारात सहज मिळणारं, नीट चालवलेलं यंत्र पाणी किती स्वच्छ करू शकतं, यावरून तो शंभरचा आकडा आला. जे करणं शक्य आहे तेवढं करायलाच हवं, नदी मोठी असो की छोटी. पाण्यात पाणी मिसळून आकडा खाली आणायची परवानगी नाही. दुधात पाणी घालणाऱ्याची युक्ती इथे चालत नाही.

मग ते यंत्र कसं असतं? खड्ड्याशेजारी एक मोठी पोलादी टाकी उभी करतात. उपसलेलं पाणी आधी तिच्यात थोडं निवळतं, गाळ खाली बसतो, तरंगणारं तेल वरून काढून घेतात. नंतर कापडी पिशव्यांच्या गाळण्या. पुढे हवेचा मारा: पाणी एकाखाली एक असलेल्या सच्छिद्र थाळ्यांवरून उतरतं आणि खालून पंख्याची हवा बुडबुडे काढत वर जाते. बेंझीनला पाण्यापेक्षा हवा प्रिय, ते हवेत निघून जातं. ती हवा अर्थातच तशीच सोडून चालत नाही, नाहीतर नदीचा त्रास शेजारच्या खिडकीत नेऊन ठेवल्यासारखं होईल. तीही गाळावी लागते.

शेवटी सक्रिय कोळसा. दगडी कोळशापासून नाहीतर नारळाच्या करवंटीपासून तो करतात. त्याच्या एका ग्रॅमच्या आतल्या सूक्ष्म छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या तर साधारण हजार चौरस मीटर जागा भरेल, म्हणजे जवळपास दहा गुंठे! चिमूटभर कोळशात दहा गुंठे जमीन. बेंझीनचे रेणू त्या भिंतींना चिकटून बसतात. कोळशाचे पिंप एकामागे एक असे दोन लावतात, आणि नमुन्याचा नळ दोन्ही पिंपांच्या मधेही ठेवतात. पहिलं पिंप भरलं की मधल्या नळाच्या पाण्यात बेंझीन दिसू लागतं, आणि तोवर दुसरं पिंप नदीची राखण करत असतं. मग पहिलं काढायचं, दुसरं त्याच्या जागी आणायचं, मागे नवं लावायचं. ज्यानं ही मधल्या नळाची रीत पाडली त्याचं मला खरंच कौतुक वाटतं. शेवटच्या नळाला बेंझीन सापडलं तर ते नदीत पोचलेलं असतं. मधल्या नळाला सापडलं तर अजून काहीच बिघडलेलं नसतं.

सगळेच रेणू इतके सरळ वागत नाहीत. एमटीबीई हा त्यांतला सगळ्यात छळणारा. पेट्रोल नीट जळावं म्हणून १९७९ पासून अमेरिकेत तो शिशाच्या जागी येऊ लागला, आणि हवा स्वच्छ ठेवण्याच्या १९९० च्या कायदादुरुस्तीनंतर त्याचा वापर फार वाढला. हवेसाठी केलेला उपाय पाण्याच्या मुळावर आला. हा पदार्थ पाण्यात बेंझीनच्या वीसपटीहून अधिक विरघळतो, मातीला धरून राहत नाही, भूजलाबरोबर लांब पळतो. पाण्यातून हवेत जायला कुरकुरतो आणि कोळशालाही नीट चिकटत नाही. बेंझीन अडवणारं पिंप त्याच्यासाठी फार लवकर भरतं. न्यू हॅम्पशरनं २००७ पासून त्यावर बंदी घातली. विहिरी नासल्याबद्दल त्या राज्यानं एक्सॉनमोबिल या तेल कंपनीवर २००३ मध्येच दावा लावला होता, त्यात २०१३ मध्ये ज्युरीनं २३ कोटी ६० लाख डॉलरची भरपाई ठरवली. परवान्यात एमटीबीईची ओळ वेगळी आहे ती या अनुभवापोटी.

तशीच एक ओळ एथिलीन डायब्रोमाइडची. शिसं घातलेल्या पेट्रोलमध्ये ते असायचं, इंजिनात शिशाची पुटं साचू नयेत म्हणून. त्याची मर्यादा ०.०५ मायक्रोग्रॅम, बेंझीनच्या मर्यादेचा शंभरावा भाग. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिशाचं पेट्रोल १९९६ मध्ये पूर्ण बंद झालं. त्यामुळे खड्ड्यातल्या पाण्यात हे सापडलं की टाकी कोणत्या काळात गळत होती याचा अंदाज बांधता येतो. एमटीबीई सापडलं तर गळती बहुधा १९७९ नंतरच्या काळातली. पाणी स्वतःच टाकीचा जन्मदाखला दाखवतं.

आता एक विचित्र गोष्ट. पेट्रोलमध्ये लोह नसतं, अर्सेनिकही नसतं. तरी परवाना दोन्ही तपासायला लावतो. का? जमिनीतले जिवाणू पेट्रोल खातात. खाताना पाण्यातला प्राणवायू संपवतात. तो संपला की श्वासासाठी मातीतल्या लोहाच्या गंजाकडे वळतात, आणि त्यांच्या या खटाटोपात घट्ट बसलेलं लोह पाण्यात विरघळू लागतं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे ही दोन राज्यं ज्यात येतात त्या ईशान्य अमेरिकेच्या, खडकांत अर्सेनिक निसर्गतःच आहे आणि ते याच गंजाला चिकटून असतं. गंज विरघळला की तेही सुटतं. म्हणजे टाकी गळते पेट्रोलची, आणि पाण्यात उतरतं खडकातलं विष. वर आल्यावर या पाण्याला हवा लागताच लोहाचा पुन्हा गंज होतो, थाळ्या तांबूस राडीनं बुजतात, कोळशाची छिद्रं लिंपली जातात. यंत्र चालवणाऱ्याचा निम्मा वेळ बेंझीनशी नाही, या गंजाशी झगडण्यात जातो.

धातूंच्या बाबतीत मात्र नदी किती मोठी हे विचारात घेतात, आणि कसं घेतात ते पाहण्यासारखं आहे. नदीचा सरासरी प्रवाह धरत नाहीत. सलग सात दिवसांचा असा किमान प्रवाह धरतात, जो दहा वर्षांतून एखाद्या वेळीच इतका खाली जातो. समजा ओढ्याचा असा किमान प्रवाह सेकंदाला ४५ लिटर आहे आणि खड्ड्यातून ५ लिटर येणार आहे. एकूण ५० मध्ये ५, म्हणजे दहापट पातळ होणार. तेवढीच सवलत. ओढा त्या दिवसांत आटतच असेल तर सवलत शून्य. पुराच्या पाण्याकडे बोट दाखवून भागत नाही. माशाला वर्षाचे ३६५ दिवस जगायचं असतं, आणि नियम त्याच्या सगळ्यात वाईट आठवड्यासाठी लिहिलेला आहे.

शिवाय पाण्याचा जडपणाही मोजावा लागतो. आपल्याकडे बोअरच्या पाण्यानं पातेल्यात पांढरा थर धरतो तो कॅल्शियम-मॅग्नेशियमचा. हेच कॅल्शियम माशाच्या कल्ल्यांवर तांबं-शिशासारख्या धातूंना जागा मिळू देत नाही, एका अर्थी ढाल बनतं. ग्रॅनाइटच्या प्रदेशातून वाहणाऱ्या न्यू इंग्लंडच्या नद्यांचं पाणी फार मृदू आहे, ही ढाल तिथे नाही. म्हणून तिथे धातूंच्या मर्यादा अधिक कडक होतात. अर्जात पाणी सोडण्याच्या जागी संरक्षित जीव आहेत का हेही पाहावं लागतं. तिथल्या काही नद्यांत ड्वार्फ वेजमसल नावाचा बोटाच्या पेराएवढा शिंपला राहतो. तळाच्या वाळूत रुतून तो पाणी गाळत जगतो, त्यामुळे वरून जे येईल ते त्याच्या अंगातून जातं.

नमुना घेण्याची पद्धतही याच काळजीनं ठरलेली आहे. बेंझीनसाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी काठोकाठ भरतात, टोपण लावून उलटी करतात आणि बोटानं टिचकी मारतात. एक बुडबुडा वर आला तरी नमुना बाद, कारण बेंझीन त्या बुडबुड्यात निघून गेलेलं असेल आणि अहवाल खोटाच स्वच्छ येईल. कुपी बर्फात ठेवून प्रयोगशाळेत न्यायची. सुरुवातीच्या दिवसांत नमुने लागोपाठ घ्यायचे, यंत्र स्थिरावलं की अंतर वाढवायचं.

याच ठिकाणी आपल्याकडचा एक प्रश्न उभा राहतो. पाण्यातलं ‘तेल व ग्रीस’ मोजायची रूढ पद्धत अशी: पाणी एका द्रावकाबरोबर घुसळायचं, तेल त्यात उतरलं की द्रावक उडवून द्यायचा आणि मागे राहिलेलं वजन करायचं. द्रावक उडताना बेंझीनही त्याच्याबरोबर उडून जातं. ही चाचणी डिझेल, इंजिन ऑइल पकडते, बेंझीन तिला दिसतच नाही. अमेरिकेच्या परवान्यात एकूण पेट्रोलियमची ५ मिलिग्रॅमची मर्यादा असूनही बेंझीन आणि बीटेक्स वेगळे लिहिले आहेत ते उगाच नाही.

भारतात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखाली सांडपाण्याची जी सर्वसाधारण मानकं आहेत, त्यांत नदी-नाल्यात सोडायच्या पाण्यासाठी तेल व ग्रीसची मर्यादा लिटरला १० मिलिग्रॅम आहे. बेंझीनची ओळ त्या तक्त्यात नाही. तेलशुद्धीकरण कारखान्यांसाठी २००८ मध्ये वेगळी मानकं आली, त्यांत बेंझीन आहे, मर्यादा ०.१ मिलिग्रॅम. म्हणजे मुंबईतल्या माहुलच्या रिफायनरीला बेंझीन मोजावंच लागतं. पण उपनगरातल्या जुन्या पेट्रोल पंपाच्या जागी टॉवर उभा राहत असेल आणि पायाच्या खड्ड्यातलं पाणी मोटर लावून नाल्यात जात असेल, तर सर्वसाधारण तक्त्यापुरती तपासणी केल्यावर अहवालात ‘तेल व ग्रीस मर्यादेत’ असं येऊ शकतं आणि बेंझीनचा प्रश्न कुणी विचारलेलाच नसतो. दूषित जागांच्या व्यवस्थापनासाठी केंद्र सरकारनं जुलै २०२५ मध्ये नवे नियम काढले आहेत. अशा जागा शोधायचं आणि साफ करायचं काम आता आपल्याकडेही हळूहळू सुरू होईल. साफ करायचं म्हणजे बहुतेक ठिकाणी पाणी उपसणं आलंच, आणि उपसलेलं पाणी कुठेतरी सोडणंही आलं. त्या पाण्याच्या अहवालात बेंझीनचा रकाना वेगळा असायला हवा, आणि तो बुडबुडा नसलेल्या कुपीतून भरलेला असायला हवा.