स्लाइड गिटार

गिटारची तार बोटाने पडद्यावर न दाबता तिच्यावरून काचेची किंवा धातूची गुळगुळीत नळी सरकवून स्वर काढण्याच्या वादनपद्धतीला स्लाइड गिटार म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागातील, विशेषतः मिसिसिपी राज्यातील, कृष्णवर्णीय वादकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती ब्लूज संगीतात रुजवली आणि १९६० नंतर ती रॉक संगीताचाही महत्त्वाचा भाग झाली. पूर्वी बाटलीची कापलेली मान बोटात घालून किंवा खिशातला चाकू तारांवर टेकवूनही हे वादन होत असे.

नळी बहुधा डाव्या हाताच्या करंगळीत किंवा अनामिकेत घालतात. ती तारेला फक्त टेकलेली असते. तार खाली लाकडापर्यंत जात नाही. त्यामुळे अचूक स्वर दोन पडद्यांच्या मधल्या जागेत न मिळता थेट पडद्याच्या धातुपट्टीच्या वर मिळतो, आणि नळी केसभर मागेपुढे झाली तरी वादक बेसूर होतो. नळीमागची बोटे तारांवर हलकेच ठेवून नको असलेली खरखर थांबवावी लागते. तारा जाड आणि एरवीपेक्षा उंच ठेवणे अनेक वादक पसंत करतात. सरळ नळी सर्व तारांना एकाच रेषेत स्पर्श करत असल्याने तारांच्या नेहमीच्या जुळणीत फार थोडे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) वाजवता येतात. म्हणून मोकळ्या तारा छेडल्यावरच पूर्ण कॉर्ड उमटेल अशी ‘ओपन’ जुळणी वापरतात. ओपन जी आणि ओपन डी या जुळण्या मिसिसिपीचे वादक अनुक्रमे ‘स्पॅनिश’ व ‘व्हेस्टापोल’ या नावांनी ओळखत. अशा जुळणीत मोकळ्या तारा, पाचवा पडदा आणि सातवा पडदा एवढ्यांवर बारा बारच्या (बार म्हणजे तालाचा एक विभाग) ब्लूजचे संपूर्ण आवर्तन उभे राहते.

ब्लूजमधला गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि चांगला गायक तो दर वेळी वेगळ्या उंचीवर लावतो. बोटाने वाजवणाऱ्याला तो गाठण्यासाठी तार आडवी ओढावी लागते. स्लाइडवादक मात्र मींडेने तिथे पोहोचून हवा तेवढा वेळ थांबू शकतो. आपल्याकडे विचित्रवीणेवर बट्टा फिरवताना हेच घडते. त्यामुळे रागसंगीताची सवय असलेल्या कानाला ब्लूजच्या इतर अंगांपेक्षा हे वादन लवकर ओळखीचे वाटते.

या पद्धतीचा उगम निर्विवाद नाही. घराच्या भिंतीवर खिळ्यांनी ताणून बसवलेली एकच तार बाटलीने वाजवण्याचा ‘डिडली बो’ हा प्रकार दक्षिणेतील मुलांमध्ये रूढ होता आणि त्याची मुळे आफ्रिकेतील एकतारी वाद्यांत शोधली जातात. दुसरीकडे हवाई बेटांवर जोसेफ केकुकू यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गिटार मांडीवर आडवी ठेवून पोलादी पट्टीने वाजवण्याची रीत विकसित केली, आणि सॅन फ्रान्सिस्को येथील १९१५ च्या जागतिक प्रदर्शनानंतर तिची अमेरिकेत लाट आली. संगीतकार डब्ल्यू. सी. हँडी यांनी मिसिसिपीतील टटवायलर स्थानकावर १९०३ च्या सुमारास चाकूने गिटार वाजवणारा माणूस पाहिल्याचे लिहिले आहे. मात्र ही आठवण १९४१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रातील आहे, हे ती उद्धृत करताना सहसा विसरले जाते.

सिल्व्हेस्टर वीव्हर यांचे १९२३ मधील ध्वनिमुद्रण हे ब्लूज स्लाइड गिटारचे पहिले मुद्रण मानले जाते. या काळातील सर्वांत विलक्षण मुद्रण मात्र ब्लाइंड विली जॉन्सन यांचे आहे. डिसेंबर १९२७ मध्ये डॅलस येथे मुद्रित झालेल्या ‘डार्क वॉज द नाइट, कोल्ड वॉज द ग्राउंड’ या रचनेत शब्दच नाहीत. जॉन्सन गुणगुणतात, गिटार उत्तर देते, आणि कोणता स्वर कंठातला व कोणता तारेतला हे क्षणभर कळेनासे होते. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांसोबत पाठवलेल्या ध्वनिमुद्रिकेत तिचा समावेश आहे. सन हाउस आणि रॉबर्ट जॉन्सन (१९११–३८) यांच्या वादनात स्लाइडचे स्वर आखूड, तीव्र आणि तालाला घट्ट बांधलेले असतात. याचे कारण काही अंशी वाद्यात आहे. साध्या गिटारमध्ये नादाची आस लवकर विरते, म्हणून तार पुन्हापुन्हा छेडावी लागते.

ही आस कशी वाढत गेली, यावर शैलीचा पुढचा प्रवास अवलंबून होता. १९२७ च्या सुमारास आलेल्या, धातूचे शंकू बसवलेल्या रेझोनेटर गिटारने आवाज मोठा केला. स्वर लांबवण्याचे काम विजेने केले. मडी वॉटर्स यांचे वादन लोकसंगीताचे संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी १९४१ मध्ये मिसिसिपीतील स्टोव्हल मळ्यावर मुद्रित केले, तेव्हा त्यांच्या हातात साधी गिटार होती. १९४३ मध्ये ते शिकागोला गेले. तेथील दारूच्या गुत्त्यांतल्या गोंगाटात साधी गिटार ऐकू जाईना, म्हणून त्यांनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि १९४८ च्या ‘आय कान्ट बी सॅटिस्फाइड’ने शिकागो ब्लूजचा नाद लोकांपुढे आला. एल्मोर जेम्स यांनी १९५१ च्या ‘डस्ट माय ब्रूम’मध्ये रॉबर्ट जॉन्सन यांनी बोटांनी वाजवलेली तिहेरी ठोक्यांची ओळ स्लाइडवर घेतली. तीच ओळ ते अनेक गाण्यांत वाजवत राहिले, ही तक्रार खरी आहे; पण ॲम्प्लिफायरचा फुटका, खरखरीत आवाज त्यांनी ज्या जाणतेपणाने वापरला, तो रॉक गिटारवादकांनी पुढे जवळजवळ जसाच्या तसा उचलला.

रॉकमध्ये या वादनाचे शिखर ड्वेन ऑलमन (१९४६–७१) यांच्याकडे आहे, असे म्हणण्यात फारशी अतिशयोक्ती नाही. कोरिसिडीन या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी काचेची बाटली ते अनामिकेत घालत आणि तारा नखीऐवजी उघड्या बोटांनी छेडत. डेरेक अँड द डॉमिनोज या बँडच्या ‘लेला’ या गाण्याच्या (१९७०) मुद्रणात ते शेवटच्या पडद्याच्याही पुढे, जिथे मार्गदर्शनाला काहीच नसते अशा जागी, केवळ कानाच्या भरवशावर जातात. ऑलमन ब्रदर्स बँडच्या न्यूयॉर्कमधील फिलमोर ईस्ट या नाट्यगृहात मार्च १९७१ मध्ये झालेल्या मैफलींचा अल्बम अभ्यासकाने आधी ऐकावा. पहिलेच गाणे, ब्लाइंड विली मॅकटेल यांचे १९२८ मधील ‘स्टेट्सबरो ब्लूज’, स्लाइडच्या सुरावटीने उघडते. स्टुडिओत स्वर पुन्हा मुद्रित करून दुरुस्त करता येतो. मैफलीत मींड जिथे थांबते तिथेच ती ऐकली जाते, आणि म्हणून ऑलमन यांच्या सुराची खात्री इथे पारखता येते. गायकाची ओळ संपण्याआधीच गिटार तिचा शेवट पकडते, तीही जागा ऐकण्यासारखी आहे. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला मेकन येथे मोटरसायकल अपघातात त्यांचे निधन झाले.

मांडीवर आडवी ठेवून वाजवायची ही हवाईयन गिटार भारतात चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीतातून घरोघरी पोहोचली. ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत आणले. विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणा (गिटारमध्ये बदल करून घडवलेले वाद्य) आणि अमेरिकन वादक राय कूडर यांची बॉटलनेक, म्हणजे स्लाइड, गिटार यांच्या १९९३ च्या ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ या अल्बमला पुढच्या वर्षी ग्रॅमी मिळाले. उलट दिशेचा प्रभाव डेरेक ट्रक्स (जन्म १९७९) यांच्यात दिसतो. ऑलमन ब्रदर्सचे ड्रमवादक बुच ट्रक्स यांचे हे पुतणे अली अकबर खाँ यांचे सरोदवादन ऐकत घडले, आणि एकाच आघातात चार-पाच स्वर मींडेने जोडण्याची त्यांची लकब तिथून आलेली स्पष्ट कळते. वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत २०११ मध्ये सुरू झालेल्या महिंद्रा ब्लूज महोत्सवात पत्नी सुझन टेडेस्की यांच्यासह त्यांचा बँड वाजवून गेला आहे.