समुद्र कधी मोकळा होणार, यावरच्या पैजा

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कंटेनर भरायला घेतला की एक प्रश्न निघतोच: तांबड्या समुद्राचा रस्ता कधी सुरळीत होणार? नोव्हेंबर 2023 मध्ये येमेनच्या हुथी बंडखोरांनी ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतले. डिसेंबरात मर्स्क, हापाग-लॉइड अशा बड्या कंपन्यांनी बाब-अल-मंदेबची, म्हणजे तांबड्या समुद्राच्या दक्षिण तोंडाची, वाट सोडली आणि न्हावा शेवाहून युरोपला निघालेला माल आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागला. प्रवास दहा-चौदा दिवसांनी लांबला, भाडे कडाडले. टॉवेल आणि चादरी कशातरी हा उशीर सोसतात. सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबाचे तसे नाही, रीफर म्हणजे थंड कंटेनरमध्ये घातले तरी फळाचे दिवस मोजकेच असतात.

या प्रश्नाचे उत्तर आता टक्क्यांत सांगणारे बाजार निघाले आहेत. पॉलिमार्केट, काल्शी ही त्यांतली मोठी नावे. अमुक तारखेच्या आत अमुक घडेल का, असा प्रश्न मांडायचा. ‘हो’ आणि ‘नाही’ असे दोन भाग विकायला ठेवायचे. ‘हो’चा भाव 35 सेंट चालला असेल तर बाजाराच्या मते शक्यता 35 टक्के. तसे घडले तर भागामागे एक डॉलर, न घडले तर शून्य. जून 2025 मध्ये इस्रायल-इराण युद्ध पेटले तेव्हा इराण होर्मुझची सामुद्रधुनी बंद करील का, यावरही पॉलिमार्केटवर पैसे लागले होते. बंद होण्यावर पैज लागते तशीच पुन्हा खुले होण्यावरही लागते.

तंत्र नवे आहे, पण ही ओढ आपल्याकडे फार जुनी आहे. एप्रिल 1861 मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. लिंकन यांनी दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा अमेरिकी कापूस आटला. सोलापूरला रेल्वे येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. दख्खनचा, वऱ्हाडाचा, गुजरातचा कापूस मुंबईच्या धक्क्यावर सोन्याच्या भावाने जाऊ लागला. त्या पैशावर बँका निघाल्या, समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअर्सचे वायदे सुरू झाले. प्रेमचंद रायचंद हे या सट्ट्यातले सर्वांत मोठे नाव. वरवर पाहता लोक शेअर घेत होते. खरे तर युद्ध चालू राहील आणि अमेरिकेची बंदरे बंदच राहतील, यावर अख्ख्या शहराने पैसे लावले होते. एप्रिल 1865 मध्ये दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण गेले. ती बातमी मुंबईला पोचली आणि कापसाचा भाव कोसळला. 1 जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली तेव्हा द्यायला पैसे कोणाकडेच नव्हते. बँक ऑफ बॉम्बे पुढे बुडाली. समुद्राची वाट पुन्हा मोकळी होणे ही एरवी आनंदाची बातमी, पण मुंबईत तिने घरेच्या घरे उद्ध्वस्त केली.

ज्याचा माल समुद्रावर आहे तो आणि ज्याचे समुद्रावर काहीच नाही तो, या दोघांत कायद्याने फार आधीपासून फरक केला आहे. अठराव्या शतकाच्या इंग्लंडमध्ये परक्या जहाजावरही कोणी विमा उतरवू शके. जहाज बुडाले की त्याचा फायदा. त्यातून मुद्दाम जहाजे बुडवण्याचे प्रकार झाले, म्हणून 1745 च्या सागरी विमा कायद्याने हितसंबंध नसलेल्याच्या पॉलिसीला बंदी घातली. आपल्याकडे 1872 च्या करार कायद्याचे कलम 30 पैजेचा करार निरर्थक ठरवते आणि 1963 च्या सागरी विमा कायद्याचे कलम 6 हेच विम्याबाबत सांगते. मला ही रेषा आजही महत्त्वाची वाटते. टॉवेल पाठवणारा निर्यातदार उशिराच्या धोक्याविरुद्ध पैसे मोजतो तेव्हा तो असलेला धोका कमी करतो. बाकीचे नसलेला धोका अंगावर घेतात.

कापसाच्या भावाशी तर मुंबई इलाख्याच्या सट्ट्याचे नाते थेट होते. न्यूयॉर्क कॉटन एक्स्चेंजचे उघडते-बंदचे भाव तारेने येत आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागत. 1961 मध्ये ते भाव येणे थांबले आणि चिठ्ठ्यांचा मटका सुरू झाला. 1887 च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्यात जुगाराच्या अड्ड्याची व्याख्या करताना कापसाचा बाजारभाव आणि त्या भावातले आकडे यांचा उल्लेख नाव घेऊन केलेला आहे.

आजच्या धर्तीचा भाकीत-बाजार 1988 मध्ये आयोवा विद्यापीठात निवडणुकीच्या अभ्यासासाठी सुरू झाला. 2003 मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘डार्पा’ या संशोधन संस्थेने पश्चिम आशियातल्या घडामोडींवर असाच बाजार उभारायचे ठरवले. दहशतवादी हल्ल्यावर पैजा लागणार म्हणून सिनेटमध्ये गदारोळ झाला आणि योजना गुंडाळली गेली. वीस वर्षांत हवा पालटली. ऑक्टोबर 2025 मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजाराच्या मालक कंपनीने पॉलिमार्केटमध्ये 2 अब्ज डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली.

हे बाजार सर्वांत जास्त अडतात ते निकालावर. मार्ग खुला झाला, हे ठरवायचे कशावरून? सुएझचेच पाहा. जून 1967 च्या युद्धात कालवा बंद पडला आणि ग्रेट बिटर लेकमध्ये 14 जहाजे आठ वर्षे अडकली. त्यांतली ‘म्युन्स्टरलँड’ आणि ‘नॉर्डविंड’ ही जर्मन जहाजे 24 मे 1975 रोजी हॅम्बुर्गला पोचलीसुद्धा. कालवा रीतसर खुला झाला 5 जूनला. मे अखेरच्या तारखेवर कोणी पैज लावली असती तर जिंकले कोण?

जानेवारी 2025 मध्येही तेच दिसले. गाझातल्या युद्धविरामानंतर हुथींनी इस्रायलशी संबंध नसलेल्या जहाजांवर हल्ले करणार नाही असे जाहीर केले. घोषणा पाहिली तर मार्ग खुला. पण बड्या कंपन्यांची जहाजे आफ्रिकेच्या टोकाकडच्या केप ऑफ गुड होपकडूनच जात राहिली आणि जुलैमध्ये ‘मॅजिक सीज’ व ‘इटर्निटी सी’ ही दोन जहाजे हुथींनी बुडवली. म्हणून पैजेच्या अटींत घोषणेऐवजी जहाजांची मोजदाद धरणे बरे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे ‘पोर्टवॉच’ उपग्रहाच्या नोंदींवरून रोजच्या जहाजांचा आकडा मांडते. टक्क्यांचा आकडा वाचण्याआधी खालच्या अटी वाचायच्या त्या याचसाठी.

सोलापुरातून या पैजा लावणे कायद्यात बसत नाही. शेअर बाजाराची नियामक सेबीने एप्रिल 2025 मध्ये अशा हो-नाही पैजांच्या मत-व्यवहारांबाबत (ओपिनियन ट्रेडिंग) सावध केले होते. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड ठेवला. अशा पैजांच्या ‘प्रोबो’ या भारतीय अ‍ॅपने त्याच महिन्यात पैशांचा व्यवहार बंद केला.

निर्यातदाराचे नुकसान तसेही हो-नाहीत मावत नाही. त्याला भाड्याचा आकडा हवा असतो, जहाज कोणत्या तारखेला लागणार ते हवे असते आणि युद्धजोखमीच्या विम्याचा हप्ता किती ते हवे असते. 2024 च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजाचा हा हप्ता एका फेरीला जहाजाच्या किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास गेला होता. 10 कोटी डॉलरच्या जहाजाला जवळजवळ 10 लाख डॉलर. सौदा सीआयएफ (किमतीत विमा आणि भाडे धरलेला) असेल तर मालाचा विमा उतरवणे माल विकणाऱ्याच्या माथी, एफओबी (जहाजावर चढवून देण्यापुरता) असेल तर माल जहाजावर चढल्यावर जोखीम खरेदीदाराची. मालाच्या पॉलिसीतले युद्धजोखमीचे कलम विमा कंपनी सात दिवसांच्या नोटिशीने रद्द करू शकते, तेव्हा कंटेनर न्हावा शेवाला रवाना करण्यापूर्वी ते कलम चालू आहे ना, एवढे क्लिअरिंग एजंटकडून विचारून घ्यावे.